नाल्यावरचे बंधारे-रपटे मोजून रायलो; मासोळी नेमकी कुठं अडते?

नहरकाठी (२४ मे, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. लाखांदूर तालुक्यात आमचं गाव, घरी पोटापुरता धान. गावाला लागून एक नाला आहे. तो खाली चुलबंद नदीला मिळतो आणि चुलबंद पुढं वैनगंगेला. लहानपणी मृगाचा पहिला दणका बसला की या नाल्यातून मासोळी चढायची, ती थेट आमच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात. आजोबा कंदील घेऊन धुऱ्यावर बसायचे आणि आम्ही पोरं टोपल्यानं पाणी उपसायचो. आता दहा-बारा वर्षं झाली, बांधीत बेडकाशिवाय काही येत नाही.

गावच्या जैवविविधता समितीची नोंदवही भरताना म्हाताऱ्या माणसांनी हेच सांगितलं. कोणी म्हणे औषधं फवारून मेली, कोणी म्हणे पाऊस बदलला. एक आजी मात्र म्हणाली, "मासोळी येतेच रे बाबू, पण तिले चढाले रस्ताच नाही ठेवला तुमी." ते डोक्यात बसलं. आम्ही तिघांनी टेप, वही, मोबाईल घेतला आणि गावतलावापासून नाल्यानं खाली चालत सुटलो.

कागदावर पाच बंधारे आहेत. चालल्यावर आतापर्यंत सतरा वस्तू सापडल्या. सिमेंटचे नाला बंधारे, रपटे (नाला ओलांडायचे ठेंगणे सिमेंटचे रस्ते), पाईपमोऱ्या, मालगुजाराच्या (जुन्या जमीनदाराच्या) काळातला एक दगडी बांध, मोटारीसाठी शेतकऱ्यानं रचलेली रेतीची पोती. एका ठिकाणी तर नळयोजनेचा पाईप नाल्यातून आडवा नेलाय आणि वर काँक्रीटचा उंबरठा करून ठेवलाय. तो कोणाच्याच यादीत नाही. चुलबंदीच्या तोंडाकडचे दोन-अडीच किलोमीटर अजून बाकी आहेत.

आम्ही प्रत्येक ठिकाणी उंची, रुंदी, खालच्या डोहाची खोली, पाईप असेल तर त्याचं तोंड लिहितो आणि वरून-खालून फोटो काढतो. पण "हे मासोळीला अडवतं" की "नाही अडवत" हा रकाना भरताना पेन अडतो. नाला आता कोरडा ठण्ण. उन्हाळ्यात मोजून कळतं का? की पावसातच जायला हवं? कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

वऱ्हाडी ठेचा (२४ मे, रात्री १०.०५)

मासोळ्या मोजाच्या सोडून बंधारे मोजून रायले, कावून बाप्पा? :-)

निवृत्त लघुपाटबंधारे (२४ मे, रात्री ११.२०)

नहरकाठी, चांगला धागा. तीस-बत्तीस वर्षं याच वस्तू बांधण्यात गेली, त्यामुळे थोडं आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहितोय.

आधी एक गोष्ट. तुम्ही बांधकामाची उंची लिहिताय. ती मासोळीच्या कामाची नाही. तिच्या कामाची उंची म्हणजे खालच्या पाण्यापासून वरच्या पाण्यापर्यंतची पायरी. रपटा बांधला तेव्हा त्याचा खालचा काठ नाल्याच्या तळाला टेकलेला असतो. पाच-सात पूर गेले की पाणी ओट्यावरून जोरात उतरून खालची माती-रेती उकरत नेतं. ओटा अधांतरी राहतो आणि हातभर, दोन हात पायरी तयार होते. आमच्या नकाशात ती पायरी कधीच नव्हती. बांधणाऱ्यानं अडथळा बांधलेला नसतो, तो पाच वर्षांनी आपोआप होतो. म्हणून जुन्या अंदाजपत्रकावर विसंबू नका.

सांगाडा आताच मोजा, झाडोरा नसतो, पाया दिसतो. पाणी मात्र पावसातच मोजावं लागेल. पाईपमोरीत वेग काढायला यंत्र नको. वरच्या तोंडाशी काहीतरी तरंगणारं सोडा, खालच्या तोंडाशी दुसऱ्यानं घड्याळ धरावं. सहा मीटरचा पाईप तीन सेकंदात पार झाला तर वेग सेकंदाला दोन मीटर. उघड्या नाल्यात दहा मीटर आखून तेच करा आणि येणारा आकडा ०.८५ ने गुणा, कारण वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं.

संत्रा नगरी (२५ मे, सकाळी ७.१५)

तरंगणारं म्हणजे संत्रंच सोडा. अर्धं बुडून चालतं, वारा लागत नाही, लांबून दिसतं. आणि मोजून झालं की खाता येतं.

वऱ्हाडी ठेचा (२५ मे, सकाळी ७.३०)

मे मयन्यात संत्रं? भाव माईत हाय का? लिंबू सोडा गुमान.

काटेरी प्रश्न (२५ मे, सकाळी ११.५०)

मी वरुडकडचा. राग मानू नका, पण असले धागे वाचले की पोटात गोळा येतो. आमच्याकडे बोअर आठशे-हजार फूट गेले. पाणी अडवा म्हणून सगळं आयुष्य ओरडलो, श्रमदान केलं, नाले खोल केले, तेव्हा कुठं विहिरीला दोन मयने जास्त पाणी टिकते. आता शहरातले पर्यावरणवाले येऊन म्हणतील बंधारे तोडा, मासे चढू द्या. मासे चढले तर संत्र्याची बाग कोणाच्या भरवशावर उभी राहील?

नहरकाठी (२५ मे, दुपारी १.१०)

काटेरी, शहरातला नाही जी, धानाच्या चिखलातून लिहितोय. तोडायचं कोणी म्हटलं नाही. आमच्याही तलावावर शंभर एकर ओलीत आहे. सतरापैकी किती ठिकाणी पाणी अडतं हे बघितलं तर आकडा सात येतो. बाकी दहा ठिकाणी थेंब अडत नाही, मासोळी मात्र अडत असावी. रपटा, मोरी, पाईपाचा उंबरठा, यांच्यामुळे कोणाची विहीर भरते सांगा?

काटेरी प्रश्न (२५ मे, दुपारी १.४०)

हे मान्य. पण सातांचं काय ते पण सांगा.

जळतरंग (२५ मे, रात्री ८.३०)

गोड्या पाण्यातले मासे हा माझा अभ्यासाचा विषय आहे, सध्या नागपुरात. मुद्द्याला हात घालते.

"अडवतं की नाही" असा एकच रकाना ठेवलात म्हणून पेन अडतोय. कोणाला अडवतं हे विचारा. वाम ओल्या भिंतीवरून सरपटत जाते. मरळ हवेतून श्वास घेते, पाऊस पडत असला तर ओल्या गवतातून सरकत पलीकडे जाईल. मृगळ, रोहू बऱ्यापैकी उडी मारतात, पण उडीला खाली खोल डोह लागतो. पायरी दोन हात आणि खाली वितभर पाणी असेल तर धाव घ्यायलाच जागा नाही. आणि बोटाएवढी बारकी मासोळी, जी तुमच्या बांधीत यायची, तिला वितभर पायरीसुद्धा भिंत आहे.

वेगाचंही तसंच. मासा जीव खाऊन पळाला तर सेकंदाला साधारण स्वतःच्या लांबीच्या दहापट जातो, तेही काही सेकंदच. म्हणजे चार इंची मासोळीचा जोर सेकंदाला एक मीटर. वर काकांनी दोन मीटर वेगाचा पाईप सांगितला. त्यात ती शिरली तरी मागेच ढकलली जाणार. पायरी शून्य असली तरी तो पाईप बंदच समजा. तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे ओट्यावरच्या पाण्याची जाडी. चार मीटर रुंद सपाट सिमेंटवर दोन बोटं पाणी पसरलं असेल तर मासा बुडतच नाही, पोहणार कसा?

म्हणून तीन रकाने करा: बारकी मासोळी, मोठे उड्या मारणारे, आणि सरपटणारे. शिवाय तुम्ही उलटीकडून चाललाय. मासोळी खालून येते. तोंडाजवळचा पहिला अडथळा बंद असेल तर वरचे सतरा उघडे असून उपयोग काय?

नहरकाठी (२५ मे, रात्री ९.००)

अर्रर्र. हे डोक्यातच आलं नाही. घर वरच्या बाजूला म्हणून वरून निघालो. राहिलेले दोन किलोमीटर येत्या रविवारी.

कोतवाल बुवा (२६ मे, सकाळी ९.००)

एवढी यादी करून होणार काय? सतरा फोटो, सतरा अर्ज, सतरा पोचपावत्या. फायलीला पाय फुटत नाहीत.

जळतरंग (२६ मे, सकाळी १०.२०)

कोतवाल बुवा, यादीच महत्त्वाची असते कधीकधी. युरोपात ३६ देशांतल्या नद्यांवरच्या अडथळ्यांची मोजदाद झाली, २०२० मध्ये छापून आली. १४७ नद्यांचे काठ माणसं प्रत्यक्ष चालली, सुमारे २,७०० किलोमीटर. चालल्यावर कळलं की सरकारी नोंदी खऱ्या संख्येच्या मानानं फार तोकड्या आहेत. सगळा हिशेब धरून किमान १२ लाख अडथळे निघाले, आणि त्यातले ६८ टक्के दोन मीटरपेक्षा बुटके. म्हणजे तिकडंही धरणांवर भांडण चालू होतं आणि मासे अडत होते मोऱ्यांपाशी. नहरकाठींचे पाचाचे सतरा झाले ते याच जातीचं.

डोंगा (२६ मे, रात्री १०.४५)

मी ढिवर समाजाचा. बाप अजूनही जाळं टाकते. तुमचा धागा त्याले वाचून दाखवला. तो हासला न म्हणाला, टेप कायले लागते? पयल्या पुराच्या सकाळी नाल्यानं चालत जा. जिथं बगळे ओळीनं उभे दिसन तिथं मासोळी अडली. बगळ्याले सर्वे करा लागत नाही.

खरं आहे जी. बगळे, ढोकऱ्या आन आमच्यासारखे जाळेवाले, तिघं एकाच जागी जमतो. जिथं अडथळा नाही तिथं कोणी उभा रायत नाही, कावून की मासोळी थांबतच नाही. गावात इचारा, "पयल्या पाण्यात तुमी जाळं कुठं लावता?" लोकं ज्या जागा सांगतील त्या तुमच्या यादीत आहेत का पाहा. नसल्या तर यादी कच्ची.

निवृत्त लघुपाटबंधारे (२६ मे, रात्री ११.१०)

डोंगा, वडिलांना दंडवत. आमच्या खात्यात हे एका वाक्यात कोणी सांगितलं नव्हतं. पुराचं पाणी किती येईल, भिंत उलटेल का, सिमेंट किती लागेल, सगळं बघितलं. मासा हा शब्द एकाही अंदाजपत्रकात वाचल्याचं आठवत नाही.

नहरकाठी (२७ मे, सकाळी ६.३०)

डोंगाभाऊ, हे सोन्यासारखं आहे. मी काल रात्रीच चार जणांना विचारलं. तिघांनी एकच जागा सांगितली, शाळेमागची पाईपमोरी. मागच्या वर्षी जुलैत मी ती स्वतः बघितली होती. नळ्याचं तोंड डोहाच्या दीड हात वर, तिथून पाण्याची धार पडतेय आणि धारेखाली पाणी उकळल्यासारखं हलतंय. वाकून बघितलं तर पाणी उकळत नव्हतं, मासोळी होती. बोटभर लांब, पोटं फुगलेली. धारेत शिरायची, नळ्याच्या ओठावर आपटायची, परत पडायची. एकीचं नाक रक्ताळलेलं होतं. सिमेंटवर खवले चिकटले होते, नखानं खरवडले तर निघाले. दहा मिनिटं उभा होतो, एकही वर गेली नाही.

भाकरतुकडा (२७ मे, सकाळी ९.१५)

वाचून वाईट वाटलं. पण एक विचारू? तिथं जाळंही लागतं म्हणजे गाभोळीवाली मासोळी तिथंच उचलली जाते. मग दोष मोरीचा की जाळ्याचा? आमच्या भागात तर बॅटरी लावून करंट देतात, नाहीतर ब्लीचिंग पावडर ओततात. बंधारा काढला तरी हे लोक आहेतच.

डोंगा (२७ मे, दुपारी १२.३०)

करंट देणारे आमचे न्हवत, आमच्या सोसायटीनं तशांची बॅटरी जप्त करून नाल्यात फेकली आहे. जाळं पिढ्यान्‌पिढ्या हाय जी. पयले जाळ्यातून जेवढी सुटे तेवढी वर जाये. आता सुटली तरी जाईन कुठं? समोर भित.

पण खरं बोलायचं तर आमचा पण एक गुन्हा हाय. सोसायटी तलाव ठेक्यानं घेते, कतला-रोहूचं बीज टाकते. सांडवा वाहाले लागला की बीज पळून जाते, म्हणून आमी सांडव्यावर जाळी लावतो. मंग खालची मासोळी वर येऊ शकत नाही. माहा बाप म्हणते, "आपण पैशाच्या मासोळीपायी देवाच्या मासोळीले दार लावलं." पण ठेक्याचे पैसे भराचे असते ना. तो हिशेब कोण करते?

धुक्यातला धान (२७ मे, दुपारी ३.००)

डोंगांनी मोठी गोष्ट लिहिली. अर्जुनी मोरगावकडं ढिवर समाजाच्या बायांनी काही तलावांत देशी पाणवनस्पती लावून, बेशरम काढून देशी मासोळी परत आणलीय. तिथं बीज आणि देशी मासोळी दोन्ही चालतात. पण तलावाची तब्येत सुधारली तरी नाल्याचा रस्ता हा वेगळाच विषय, हे बरोबर.

एक निरीक्षण. आमच्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव जुना, कोहळी लोकांनी बांधलेला. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत म्हणतात. त्याचा जुना सांडवा म्हणजे पारीच्या (तलावाच्या बांधाच्या) टोकाला खडकावरून वळवलेली रुंद उतरण होती, गवताची, वाकडीतिकडी. पावसात त्यावरून घोटाभर पाणी वाहायचं आणि मासोळी टप्प्याटप्प्यानं चढायची, मध्ये दगडाआड दम घ्यायची. मग दुरुस्तीचे पैसे आले. आता तिथं चार फूट उभी, गुळगुळीत सिमेंटची भिंत आहे. दुरुस्ती चांगली झाली, गळती थांबली. मासोळी पण थांबली.

वऱ्हाडी ठेचा (२७ मे, दुपारी ३.२०)

पन्नास सालात मालगुजारी गेली न मालगुजाराच्या सांडव्यावर आमी अजून रडून रायलो :-)

अकोलेकर पूर्णा (२७ मे, सायंकाळी ६.४५)

आमच्याकडची गंमत ऐका. गावाखाली कोल्हापुरी बंधारा. चौदा गाळे, लोखंडी पाट्या. एका हिवाळ्यात भुरट्या चोरांनी गॅस कटर आणून सगळ्या पाट्या भंगारात घातल्या. गावानं बोंब मारली, रब्बी गेली. पण पुढच्या दोन पावसाळ्यांत वरच्या शिवारात असे शिंगाडे मासे आले की लोक पोत्यानं आणत होते. मासोळीची सोय सरकारनं नाही, चोरांनी केली.

काटेरी प्रश्न (२७ मे, सायंकाळी ७.००)

आणि रब्बी? त्याची सोय कोणी केली?

अकोलेकर पूर्णा (२७ मे, सायंकाळी ७.१०)

तेच तर. दोन्ही खरं आहे. नवीन पाट्या आल्या आणि मासे गेले.

निवृत्त लघुपाटबंधारे (२७ मे, रात्री ९.३०)

इथं कोल्हापुरी बंधाऱ्याची मूळ कल्पना सांगायला हवी, कारण काटेरींच्या सातांचं उत्तर त्यात आहे.

हा बंधारा म्हणजे भिंत नाही, दारांची ओळ आहे. खांब कायमचे, मधल्या गाळ्यांत बरगे (म्हणजे याच पाट्या) घालायचे आणि काढायचे. ऑक्टोबरात पाऊस सरला की घालायचे, वाहतं पाणी धरायचं, आणि पावसाळ्याआधी सगळे काढून गोदामात ठेवायचे. पुराला मोकळी वाट मिळते, गाळ निघून जातो. मासोळी चढते ती जून ते ऑगस्ट. म्हणजे बंधारा नियमानं चालवला तर त्याचं आणि मासोळीचं भांडणच नाही! एक थेंब कमी होत नाही, कारण पावसाळ्यात तुम्ही पाणी धरणारच नसता.

प्रत्यक्षात बरगे काढायला मजूर लागतात, मजुरीचे पैसे कोणी द्यायचे हे ठरत नाही, काढले तर चोरीची भीती, शिवाय "पुन्हा पाऊस नाही आला तर?" ही धास्ती. म्हणून ते तसेच राहतात. मग पूर बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडतो. अशा फुटलेल्या काठाच्या दुरुस्तीवर मी सह्या केल्यात. त्या पैशात दहा वर्षांची मजुरी निघाली असती.

काटेरी प्रश्न (२७ मे, रात्री ९.५०)

हे पटलं. पाट्या वेळेवर काढा म्हणणारा पर्यावरणवाला मला चालते.

गोंडवन (२८ मे, सकाळी ८.००)

तुम्ही नाल्यात टेप लावताय, तिकडं गोसेखुर्द धरणानं अख्खी वैनगंगा अडवलीय. १९८८ ला भूमिपूजन झालं तेव्हापासून ऐकतोय. हत्ती सोडून शेपूट मोजणं चाललंय.

जळतरंग (२८ मे, सकाळी ९.४०)

हत्ती आहेच, पण नकाशा बघा. चुलबंद वैनगंगेला मिळते ती गोसेखुर्दच्या खाली. म्हणून खालच्या वैनगंगेतून येणाऱ्या मासोळीला वर जायला आता चुलबंद, गाढवी असल्या उपनद्याच उरल्या. मोठं दार बंद झालं की खिडक्यांची किंमत वाढते.

गोंडवन (२८ मे, सकाळी ११.१५)

खिडक्यांच्याही खाली बघा मग. चामोर्शीकडं चिचडोहचं बॅरेज आहे. पुढं प्राणहिता, मग गोदावरी, आणि संगमाच्या खालच्या अंगाला मेडीगड्डा, २०१९ मध्ये सुरू झालेलं. तिथले खांब २०२३ च्या ऑक्टोबरात खचले ती बातमी सगळ्यांनी वाचली, माशांचं काय होतं ते कोणी विचारलं? माझे आजे सिरोंच्याचे. गोदावरीच्या मोठ्या झिंग्यांच्या गोष्टी सांगायचे, कोपरापासून बोटापर्यंत.

जळतरंग (२८ मे, दुपारी १२.२०)

आजोबांच्या झिंग्यांची गोष्ट नुसती थाप नसणार. त्या जातीच्या पिल्लांना अगदी सुरुवातीला खारं पाणी मिसळलेलं लागतं, म्हणजे खाडीजवळचं. तिथं वाढून ती काठाकाठानं शेकडो किलोमीटर वर चढतात. मोठ्या वामीचं उलटं, जाडजूड होऊन ती अंडी घालायला समुद्राकडं निघते. असल्यांना एक जरी दार बंद मिळालं तरी कथा संपली. गंगेत पल्ला मासा पूर्वी अलाहाबादपर्यंत जायचा, फरक्काचं बॅरेज १९७५ मध्ये सुरू झालं आणि वर तो दिसेनासा झाला.

पण नहरकाठींच्या बांधीतली बारकी मासोळी समुद्राची नाही. तिचा सगळा संसार दहा-वीस किलोमीटरचा. उन्हाळ्यात डोहात, पावसाळ्यात बांधीत. तिच्यासाठी त्या पाईपमोरीचा ओठ हाच फरक्का.

चुलीवरचं (२८ मे, दुपारी १.००)

झिंगे निघालेच आहेत तर सांगते. वाळलेले झिंगे आधी कोरडे भाजून, डोकी काढून, वांग्यात टाकायचे. तेलात लसूण-मिरची, वरून भिवापुरी तिखट. भाकरी नको, भातच.

भाकरतुकडा (२८ मे, दुपारी १.०५)

भिवापुरी मिळाली नाही तर?

चुलीवरचं (२८ मे, दुपारी १.०८)

तर करू नका.

संपादक मंडळ (२८ मे, दुपारी २.३०)

धागा पाककृती विभागात हलवायचा का? कृपया विषयाला धरून लिहा. (वांग्याची कृती स्वतंत्र धाग्यात टाकल्यास वाचायला आवडेल.)

नवखा अभियंता (२९ मे, रात्री १०.००)

उपायाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. रपट्याखालच्या पायरीला सोपा इलाज म्हणजे दगडांची उतरण. ओट्याच्या काठापासून खाली मोठे दगड रचत न्यायचे, एक फूट उंचीला किमान वीस फूट लांबी. दगड मुद्दाम ओबडधोबड, मध्ये थोडा खोलगट, म्हणजे कमी पाण्यातही धार एका जागी राहते आणि मासोळीला आडोसा मिळतो. रोजगार हमीच्या कामात बसवता येईल का?

निवृत्त लघुपाटबंधारे (२९ मे, रात्री १०.४०)

कल्पना बरोबर, उतार तर त्याहून सौम्य असला तर उत्तम. दोन सावधगिरी. दगड लहान टाकले तर पहिला पूरच घेऊन जातो, खालची रांग जमिनीत गाडावी लागते. आणि ठेकेदाराला "नीट बांध" म्हटलं की तो दगडांच्या फटी सिमेंटनं गुळगुळीत भरून देतो. मग तुम्ही पैसे देऊन नवा अडथळा बांधलात. समोर उभं राहून करून घ्या.

भाकरतुकडा (२९ मे, रात्री ११.००)

आणि रस्ता उघडल्यावर नको ते मासे वर गेले तर? आमच्या नदीत तिलापिया झालाय, देशी काही उरलं नाही.

जळतरंग (३० मे, सकाळी ८.१५)

चांगला प्रश्न, आणि सोपं उत्तर नाही. खाली तिलापिया आणि वर चांगला देशी डोह असेल, तर मधला अडथळा मी पहिल्या वर्षी हलवणार नाही. म्हणून वहीत अजून एक रकाना: वर काय मिळतं, खाली काय मिळतं. हे डोंगांच्या वडिलांना विचारा, मला नको.

नहरकाठी (१ जून, रात्री ९.१५)

रविवारी राहिलेला नाला चाललो. चुलबंदीच्या तोंडापासून अर्धा किलोमीटरवर कोल्हापुरी बंधारा, नऊ गाळे. कागदावरच्या पाचांतला हा पहिला. नऊच्या नऊ गाळ्यांत पाट्या, वर झुडपं उगवलेली, एका खाचेत पिंपळ. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, कधी काढल्या होत्या? तो म्हणे, "बसवल्या तेव्हापासून मी तं नाही पायल्या काढताना." विचारलं, बसवल्या कधी? "पोरगी पयलीत होती." पोरगी आता बारावी झाली.

म्हणजे बांधीत मासोळी येणं बंद झालं तो काळ आणि हा काळ, जुळतात. आम्ही मात्र मयनाभर वरच्या मोऱ्यांचे ओठ मोजत बसलो होतो. जळतरंग, तुम्ही म्हणाला होतात.

डोंगा (१ जून, रात्री ९.४०)

आजच पंचायतीत जा. मृगाले सातच दिवस हाय.

कोतवाल बुवा (१ जून, रात्री १०.००)

अर्ज नको. चार पोरं, एक साखळी, एक पहार.

निवृत्त लघुपाटबंधारे (१ जून, रात्री १०.१५)

कोतवाल बुवांचं ऐकू नका, ठराव आणि लेखी परवानगी घेऊनच हात लावा, पाट्या सरकारी मालमत्ता आहे. आणि कोरडं असतानाच काढा. पाणी चढलं की पाटीवर एवढा दाब येतो की खालची रांग हलत नाही, माणूस मात्र घसरतो.

नहरकाठी (२ जुलै, रात्री ११.३०)

उशीर झाला, रोवणीची गडबड होती. काय झालं ते सांगतो.

ठराव झाला, परवानगीला बारा दिवस गेले. तेवढ्यात दोन पाऊस पडून बंधाऱ्याला मांडीभर पाणी लागलं. आम्ही अकरा जण गेलो, डोंगाभाऊ लाखांदूरपर्यंत येऊन वडिलांनाही घेऊन आले. गंजानं पाट्या खाचेत बसलेल्या. रॉकेल ओतलं, पहारीनं ठोकलं, साखळी लावून ओढलं. सायंकाळपर्यंत नऊपैकी सहा गाळ्यांतली वरची रांग निघाली. खालची रांग, काका म्हणाले तसंच, हलली नाही. तीन गाळे पिंपळासकट तसेच. पुरुषभर पायरी होती, ती कमरेएवढी झाली.

तीन दिवसांनी रात्री मोठा पाऊस आला. पहाटे डोंगाभाऊंचे वडील आणि मी बंधाऱ्यावर. उजाडलं तेव्हा खाली सतरा बगळे. म्हाताऱ्यांनी मोजले, मी नाही. मोठ्या मासोळ्या उड्या मारत होत्या, डोळ्यांदेखत तीन वर गेल्या, मृगळ असाव्यात. बारकी एकही नाही. ती खाली, त्या पिवळ्या पाण्यात, थव्यानं फिरत होती.

वहीत लिहिलं: मोठे, थोडे. सरपटणारे, हो. बारकी, नाही. बांधीत यंदाही बेडूकच.

पुढच्या मे मयन्यात कोरड्यात खालची रांग काढायची, हे ग्रामसभेत लिहून घेतलंय, मजुरीसकट. काढलेल्या पाट्या ठेवायला बंधाऱ्याशेजारी खात्यानं बांधलेली खोली आहे, कुलूप लावलेली. किल्ली कोणाकडं, हे पंचायतीला माहीत नाही, कार्यालयालाही नाही. सध्या पाट्या माझ्या गोठ्यात, बैलांच्या मागं उभ्या आहेत.

अकोलेकर पूर्णा (३ जुलै, सकाळी ६.५०)

गोठ्याला कुलूप लावा. गॅस कटर सगळीकडं मिळते.